सरकता माळ

१

आईला सकाळी पलंगावरून उचलून चाकांच्या खुर्चीत बसवायचं आणि संध्याकाळी जेवण झालं की परत पलंगावर घ्यायचं, हे गेल्या दिवाळीपासून माझं काम होतं. न्हाणीत पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. "आता वॉकर धरून उभ्या राहा, हळूहळू चालायला लागाल," असं डॉक्टरांनी सांगितलं. आई दोन-तीनदा उभी राहिली, पण दर वेळी पाय लटपटले. मग तिनं वॉकर दाराआड सारला आणि त्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली.

"वखारीत पोती उचलल्यात मी," ती म्हणायची. "आता मीच पोतं झालो. उचल."

आईचं नाव सोनुबाई. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यातूनच तिनं मला आणि माझ्या धाकट्या भावाला, आयुषला शिकवलं. आयुष बेळगावात इंजिनिअर आहे. मी, उपासना, इथंच निपाणीत एका पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये, प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीत, आमचं तीन खोल्यांचं घर आहे, आणि घरात आम्ही दोघीच.

आई दोन्ही हात माझ्या मानेभोवती टाकायची, मी तिला कमरेत धरून उचलायची. उचलताना माझ्या पाठीत एक ठरावीक कळ यायची. त्या कळेची मला सवय झाली होती.

२

निपाणीहून बेळगावकडे निघालं की तवंदी घाटाच्या अलीकडं महामार्ग सोडून एक अरुंद डांबरी रस्ता आत माळावर जातो. पूर्वी त्या जागेला नाव नव्हतं. मोबाइलवर रील आले आणि तिचा 'सरकता माळ' झाला. एका ठिकाणी गाडी न्यूट्रलला टाकायची, ब्रेक सोडायचा, आणि गाडी आपोआप चढ चढू लागते. रविवारी कोल्हापूर-बेळगावच्या गाड्यांची रीघ लागायची. भजीचे गाडे आले, ताकवाले आले. कुणीतरी रस्त्यावर पांढरा पट्टा मारला, इथून गाडी सोडायची म्हणून. मग तिथं नारळ फुटायला लागले, झाडाला लिंबं टांगली गेली, आणि मला राग आला.

आमच्याकडच्या एका यूट्यूब चॅनलवाल्यानं बोलावलं तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी नेली होती. रस्त्याच्या दोन टोकांना नळी धरली आणि कॅमेऱ्यासमोर पाण्याची पातळी दाखवली. डोळ्यांना जो चढ दिसतो तो खरं तर उतार आहे. आजूबाजूची टेकाडं अशी कललेली आहेत की क्षितिज दिसतच नाही, म्हणून नजर फसते. गाडी चढत नाही, उतरते. संपलं.

आईलाही घेऊन गेले होते, तेवढीच तिला हवा म्हणून. गाडीतून सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, "मला बी बसवून दाव की."

विद्यार्थी हसले. खुर्ची पांढऱ्या पट्ट्यावर ठेवून मी हात सोडले. खुर्ची हळूहळू 'वर' निघाली. दोन पोरी बाजूनं चालत होत्या. आई पदर सावरत, तोंडावर हात ठेवून लहान मुलीसारखी हसत होती. माथ्याच्या अलीकडं पोरींनी खुर्ची धरली.

"कोण तरी वडतंय गं," आई म्हणाली. "हळूच. पोरीचा हात धरल्यागत."

"तेच गुरुत्वाकर्षण," मी कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. व्हिडिओतलं ते वाक्य लोकांना फार आवडलं.

३

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा कॉलेजातून आले तर आई हॉलमध्ये खिडकीपाशी नव्हती. तिला मी रोज खिडकीपाशी बसवून जात असे. खुर्ची समोरच्या भिंतीला टेकली होती. पाय ठेवायच्या पट्ट्या भिंतीला भिडलेल्या आणि आईचं तोंड भिंतीकडं.

"इथं काय करतीयास?"

"डोळा लागलता," ती म्हणाली. "जागी झालो तर हितं."

चाकं सैल राहिली असतील, असं मी म्हणाले. फरशीला थोडा उतार असणारच. मी खुर्ची मागं घेतली, ब्रेक लावले आणि चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या रंगावर दोन ओरखडे दिसले, पट्ट्या घासून घासून पडलेले. ब्रेक लावलेलेच होते. फरशीवर चाकांच्या रबराच्या दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या, खिडकीपासून भिंतीपर्यंत. म्हणजे चाकं फिरली नव्हती. घसटत गेली होती.

मी कपाटातून एक गोटी शोधून काढली आणि फरशीवर ठेवली. गोटी घरंगळत स्वयंपाकघराकडं, मोरीच्या दिशेला गेली. गवंड्यानं धुण्याचं पाणी जावं म्हणून तिकडं ढाळ दिला होता, तो बरोबर होता. खुर्ची मात्र त्याच्या उलट गेली होती, दक्षिणेच्या भिंतीकडं.

मी गुडघ्यांवर बसून बराच वेळ त्या रेघांकडं बघत राहिले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली ते दोन ओरखडे. मी कपडा ओला करून रेघा पुसल्या. पुसताना मला स्वतःचीच चीड आली, कारण एखादं मोजमाप पटलं नाही की ते पुसायचं नसतं, हे मी पोरांना शिकवते.

४

रविवारी मी ठरवून बसले. खुर्ची खिडकीपाशी ठेवली, रिकामी. समोर वेताच्या मोड्यावर बसून पेपर तपासत राहिले. काही झालं नाही. खुर्चीत तांदळाचं पोतं ठेवलं, तरी काही नाही. शेवटी आईला बसवलं.

"मी काय पोतं हाय व्हय प्रयोगाला?" ती म्हणाली, पण तिला हसू येत होतं.

आम्ही गप्पा मारत होतो तोवर खुर्ची जागची हलली नाही. दुपार वाढली तशी तिची मान कलली. पंख्याचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज, मग तोही थांबला. आणि मला रबराचा आवाज आला. ओल्या बोटानं काच घासावी तसा.

खुर्ची सरकत होती. धक्के खात नव्हे. एकसारखी, शांतपणे, घाई नसलेल्या माणसासारखी. आईची झोपलेली मान तिच्याबरोबर जात होती. मी उठून हँडल धरलं. ओढ जोराची नव्हती. पण मी धरून उभी राहिले तरी ती थांबलीही नाही, कमीही झाली नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नुसतं बसून असावं, तसं वाटत होतं.

"आई!"

ती जागी झाली आणि ओढ सुटली. मी मागं तोल जाऊन टीपॉयवर आपटले.

"आली वाटतं पुन्हा," आई म्हणाली.

"काय आली?"

दक्षिणेच्या भिंतीकडं तिनं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर माझ्या ओळखीची होती. मी लहान असताना वखारीतला मुकादम आमच्या दारात येऊन आरडाओरडा करायचा. तेव्हा ती उंबऱ्यात बसून त्याच्याकडं अशीच बघायची. उठायची नाही.

५

त्या संध्याकाळी तिला पलंगावर घेताना पाठीत कळ आली नाही.

आधी बरं वाटलं. मग मी अंधारातच कॉटच्या कडेला बसून राहिले. माझी पाठ काही सुधारलेली नव्हती. तीच हलकी झाली होती.

डॉक्टरांकडं नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. साखर नाही, थायरॉइड नाही, गाठ नाही. वजनकाट्यावर मात्र वजन उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, खाणं वाढवा. पण आईचे दंड होते तसेच भरलेले होते. ब्लाउज अंगाला तसाच घट्ट, बांगड्या मनगटावर तशाच रुतलेल्या. ती कुठूनच कमी झालेली नव्हती.

वस्तुमान आणि वजन यांतला फरक मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहून देते. वस्तुमान म्हणजे तुमच्यात द्रव्य किती. वजन म्हणजे पृथ्वी तुम्हाला किती जोरानं आपल्याकडं ओढते. पहिलं कुठंही गेलात तरी बदलत नाही. दुसरं जाणवेल इतकं बदलायला तुम्हाला पृथ्वी सोडून जावं लागतं. त्या आठवड्यात वर्गात हे शिकवताना माझा खडू मध्येच थांबला. पोरं वाट बघत राहिली.

आयुषला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, तू दमलीस. आईला मी बेळगावला आणतो. इथं बाई ठेवतो चोवीस तास."

"बेळगाव दक्षिणेलाच आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"काही नाही."

खुर्ची विकून टाकू, असंही मी आईला म्हणाले. ती म्हणाली, "मग काय, दिसभर पलंगावर पडून ऱ्हाऊ? पलंगाला बी चाकं हाईत." मी वाकून बघितलं. खरंच होती. लोखंडी कॉटच्या पायांना झाडताना सरकवायला लावलेली चिमुकली चाकं. त्याच दुपारी मी चारी पायांखाली विटा घातल्या.

६

पुढच्या गुरुवारी शेवटचा तास रद्द झाला म्हणून मी लवकर निघाले. लेआउटच्या कोपऱ्यावर वळले तेव्हा आमचं गेट दिसलं आणि गेटमध्ये आई दिसली.

पुढचं दार सताड उघडं होतं. मी जाताना ते ओढून घेतलं होतं. खुर्ची अंगण ओलांडून गेटपर्यंत आली होती. गेटचं एक दार बाहेरच्या बाजूला उघडलेलं होतं आणि खुर्ची अर्धी रस्त्यावर होती. आईनं दोन्ही हातांनी गेटच्या गजांना धरलं होतं. तिचे हात ताणलेले, कोपरं सरळ. खुर्ची तिला दक्षिणेकडं ओढत होती आणि ती धरून होती. ओरडत नव्हती. दात आवळून बसली होती.

मी गाडी रस्त्यातच टाकून धावले. खुर्चीच्या पुढं जाऊन दोन्ही गुडघे टेकले आणि तिच्या पोटाला मिठी मारली. ओढ सुटली. तरी तिला हात सोडवता येईनात. एकेक बोट मी उलगडलं. तळव्यांवर गजांचे वळ उठले होते.

"कुणाला हाक का नाही मारलीस? शेजारी भरमूअण्णा घरात होते!"

"हाक मारायला त्वांड उघडलं असतं तर हात सुटलं असतं," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "आन भरमूला काय सांगू? खुर्ची वडत्या म्हणून?"

मी तिला उचलून घरात नेलं. उचलताना मला रडू आलं, कारण आता ती एखाद्या शाळकरी पोरीइतकी हलकी होती.

"उपा," ती माझ्या खांद्यावरून म्हणाली, "आज मी झोपलो नव्हतो. जागी होतो. तरी बी आली."

मी आयुषला फोन लावला आणि म्हणाले, ये.

७

तो शनिवारी दुपारी गाडी घेऊन आला. आई एका शब्दानं नाही म्हणाली नाही. मला तेच खटकलं. बेळगावच्या फ्लॅटचं नाव काढलं तरी ती अंगावर यायची.

आयुषनं तिला गाडीत बसवायला उचललं आणि तो अंगणात तसाच थबकला. आईला हातांवर घेऊन.

"आक्का..." तो म्हणाला. आईनंच त्याच्या गालावर थापटलं. "चल रं. उन्हात उभा करू नगंस."

मी मागं आईजवळ बसले. खुर्ची घडी करून डिकीत टाकली होती. घाटाच्या अलीकडं ते वळण जवळ आलं तशी आई सरळ झाली.

"आयुष, आत घाल."

"कुठं?"

"माळावर."

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "आई, कशाला? आक्कानंच सांगितलंय ना, तिथं काही नाही म्हणून?"

"काय न्हाय तर जायला भ्यायचं कशापायी?" आई म्हणाली. "आन काय असंल, तर ते माझ्या घरात येतंय आन मी त्याच्या दारात जायचं न्हाय व्हय?"

मी हो का म्हटलं, हे आयुष मला अजून विचारतो. घरात ते तिला एकटीला गाठत होतं. इथं आम्ही तिघं होतो आणि लख्ख ऊन होतं. मी त्याला वळ म्हणाले.

माळावर कुणी नव्हतं. गाडे निळ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवले होते. त्यातल्या एका भजीच्या गाड्याची चाकं काढून तो विटांवर ठेवला होता आणि झाडाला साखळीनं बांधला होता. आयुषनं पांढऱ्या पट्ट्याच्या बऱ्याच अलीकडं गाडी थांबवली, गिअरमध्ये ठेवली, चाकांना धोंडे लावले. आईनं खुर्ची मागितली. आम्ही तिला बसवलं आणि एकेक हँडल धरून पट्ट्यापर्यंत नेलं.

वारा अजिबात नव्हता. समोर रस्ता चढत गेलेला आणि माथ्यावर आभाळ. मला पहिल्यांदा दिसली ती खडी. डांबरावरची बारीक खडी पुढं चालली होती, मुंग्यांची रांग चालावी तशी. बाटलीचं झाकण घरंगळलं असतं तर मी समजले असते. खडी घरंगळत नाही.

आणि ओढ आली. घरातली ती दोरी नव्हती ही. खुर्ची पुढं झेपावली, माझ्या सँडलचे पट्टे तुटले, आयुष "धर, आक्का, धर!" असं ओरडत मागं रेलला. आम्ही दोघं मिळून तिला धरू शकत नव्हतो. रस्त्यावरचा पांढरा पट्टा मागं पडला.

"मला उभं करा," आई म्हणाली.

"आई, नको, पडशील!"

"सोडू नगासा. उभं करा."

तिनं खुर्चीच्या पट्ट्यांवरून पाय काढले आणि अनवाणी तळवे तापलेल्या डांबरावर टेकले. मी एका हातानं खुर्ची धरून दुसरा हात तिच्या कमरेत घातला. तिनं माझा खांदा पकडला. पाय थरथरत होते. पण ती उठली. गुडघे, मग कंबर, मग पाठ. आणि ती उभी राहिली त्या क्षणी माझ्या खांद्यावर तिचं वजन आलं. सगळं. माझ्या पाठीत ती जुनी कळ लख्खकन उठली आणि मी आनंदानं ओरडले.

खुर्ची आमच्या हातांतून सुटली.

रिकामी खुर्ची घरात कधी हलली नव्हती. ही वर जात होती. तिच्या आसनाचं रेक्झिन मध्ये दबलेलं होतं, माणूस बसल्यावर दबतं तसं. माथ्यावर पोचून ती थांबली. मग सावकाश आमच्याकडं तोंड करून वळली.

तिच्या मागं आभाळ असायला हवं होतं. आभाळ नव्हतं. तिथंही माळच होता. माथ्याच्या पलीकडं रस्ता उतरत नव्हता, वरच जात होता, भिंतीसारखा उभा, नजर पोचेल तिथवर. त्यावर लांबवर बारीक बारीक काहीतरी सरकत होतं. गाड्या असाव्यात. एका गाडीचं दार उघडं होतं आणि आत कुणीतरी आमच्याकडं बघत बसलेलं होतं. मग माझ्या डोळ्यांत घाम उतरला. तो पुसून बघते तो माथा, आभाळ आणि एक घार. खुर्ची नव्हती.

आयुष खाली बसला होता, दोन्ही हातांनी डांबर धरून.

आई मात्र उभी होती. तिनं माथ्याकडं बघून, वखारीत ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात सांगितलं, "खुर्ची घे. वजन माझं हाय. ते मी देत न्हाय."

गाडी जवळ आणतो म्हटलं, तर ती तयार होईना. पट्टा ओलांडून गाडीपर्यंत चालत जाईन, म्हणाली. परतीचा रस्ता डोळ्यांना उतार दिसत होता आणि पायांना चढ लागत होता. एका बाजूला मी, एका बाजूला आयुष. ती थांबत, शिव्या घालत, पुन्हा पाऊल टाकत चालली. गाडी महामार्गावर आल्यावर आयुषनं विचारलं, "बेळगाव?"

"निपाणी," आई म्हणाली.

८

आता ती वॉकर धरून घरभर चालते. वजन काट्यावर पूर्वीसारखं भरतं. नवी खुर्ची आम्ही घेतली नाही.

मी त्या चॅनलवाल्याला फोन करून माझा व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. तो हसला. तेवढा चाललेला दुसरा व्हिडिओ त्याच्याकडं नव्हता. एका सकाळी नळी घेऊन मी पुन्हा माळावर गेले आणि मोजून आले. पाणी तेच सांगतं. तो उतारच आहे. मी चूक सांगितलं नव्हतं. पण ते पुरत नाही, आणि पुढचं कसं सांगायचं ते मला माहीत नाही. म्हणून दर रविवारी मी पांढऱ्या पट्ट्यापाशी उभी राहते आणि येणाऱ्यांना एवढंच सांगते, गाडी इथं ठेवा आणि चालत जा. काही ऐकतात. बरेच जण माझेच रील काढतात. आईही येते, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसते आणि न ऐकणाऱ्यांना नावं ठेवते.

परवाच्या रविवारी हुबळीकडची एक गाडी आली. चालवणारा तिशीतला, शेजारी त्याचे म्हातारे आजोबा, मागं बायको आणि मांडीवर लेकरू. मी काचेवर टकटक केलं.

"येन्री मेडम," तो कानडीत, हसून म्हणाला, आणि मग हिंदीत, "वही ना आप, गुरुत्वाकर्षणवाली?"

मी कानडीत सांगितलं, खाली उतरा, आजोबांना उतरवा. त्यानं मान डोलावली, काच वर केली आणि गाडी न्यूट्रलला टाकली.

गाडी निघाली. पहिल्यांदा सगळे हसत होते. मग त्याचा चेहरा बदललेला मला काचेतून दिसला. त्याचा पाय खाली दाबलेला होता, तो हँडब्रेक ओढत होता. गाडी थांबत नव्हती. टायर घासल्याचा तो आवाज मला ओळखू आला. आजोबांची मान कलली होती, झोप लागल्यासारखी.

मी विचार केला नाही. धावत गाडीच्या पुढं गेले, माथ्याकडं पाठ केली आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकले. ओढ माझ्या तळव्यांतून खांद्यांत आली. माझ्या टाचा डांबरावरून मागं सरकायला लागल्या. एका माणसानं गाडी धरता येत नाही, हे मला गणितानं माहीत आहे. पाठीमागं, अगदी जवळ, हवा गार झाली.

तेवढ्यात माझ्या पाठीला पाठ लागली.

रुंद, उबदार, घामानं भिजलेल्या लुगड्याची पाठ. वॉकर आडवा पडल्याचा आवाज आला. आई माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली होती, पाय रोवून, तोंड माथ्याकडं. मला बॉनेट दिसत होतं आणि काचेआडचं रडणारं लेकरू. तिला पलीकडचं दिसत होतं.

माझ्या टाचा थांबल्या.

"आई," मी म्हणाले, "काय दिसतंय?"

तिचा श्वास माझ्या पाठीत वरखाली होत होता.

"दिसतंय ते दिसू दे," आई म्हणाली. "मी बगतो त्याच्याकडं. तू ढकल."

मी ढकललं.